पंप लपवायची वस्तू नाही: ॲलर्जिक दमा, आपलं घर आणि डॉक्टरांना न सांगितलेल्या गोष्टी

ज्यांना लोकलमध्ये, पीएमटीत किंवा ऑफिसच्या गोंगाटात ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा मजकूर. बोलताना जे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ येतात ते थोडे काढलेत, सगळे नाही काढले.

विषय आहे ॲलर्जिक दमा. गेले काही महिने तुमचे जे मेसेज येतायत त्यात एक प्रश्न फिरून फिरून येतो: “मला दमा आहे की नुसती ॲलर्जी?” दुसरा प्रश्न कमी जण विचारतात, पण तो जास्त महत्त्वाचा आहे: “घरी कसं सांगू?” आज दोन्ही घेऊ.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण नऊ वर्षांचा असल्यापासून मला दमा आहे, त्यामुळे पेशंटच्या खुर्चीत बसायचा अनुभव भरपूर. इथे जे सांगतोय ते तुमच्या डॉक्टरांशी बोलायची तयारी म्हणून वापरा, त्यांच्याऐवजी नको.

छातीत नक्की काय होतं?

आपल्या फुप्फुसात श्वासनलिका झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक होत जातात. दम्यात या नळ्यांना आतून कायम थोडी सूज असते. त्रास होत नसतानाही असते, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. त्यात काही चिथावणारं आलं, धूळ, धूर, थंड हवा, सर्दी, की तीन गोष्टी एकदम होतात: नळीभोवतीचे स्नायू आवळतात, सूज वाढते आणि आत चिकट कफ तयार होतो. वाट अरुंद झाली की हवा बाहेर पडताना शिट्टीसारखा आवाज येतो.

‘ॲलर्जिक’ कधी म्हणायचं? आपल्या शरीराने एखाद्या निरुपद्रवी गोष्टीला, समजा धुळीतल्या किड्याच्या विष्ठेला, शत्रू ठरवलं आणि तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवली, तर. ही आयजीई मास्ट पेशींवर जाऊन बसते. तीच गोष्ट पुन्हा श्वासात आली की या पेशी फुटल्यासारख्या रिकाम्या होतात आणि हिस्टामिन, ल्युकोट्राइन अशी रसायनं सोडतात. नाक गळणं, डोळे खाजणं, शिंका आणि मग छाती भरणं, हे बऱ्याचदा एकाच साखळीतलं असतं.

आधी शब्दांचा घोळ

दम्याचं निदान सुरू होतं ते यंत्राने नाही, गप्पांनी. आणि तिथेच पहिली अडचण येते. डॉक्टर विचारतात, “व्हीझिंग होतं का?” आता व्हीझिंगला मराठीत एक ठरलेला शब्दच नाही. कुणी म्हणतं छातीत सूं-सूं वाजतं, कुणी घरघर, कुणी ‘छातीत मांजर बोलतं’, तर कुणी नुसतं ‘कफ झालाय’. आजीसाठी घशातली घरघर आणि छातीतली शिट्टी एकच. डॉक्टरांसाठी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही अडचण फक्त आपली नाही. १९९० च्या दशकात मुलांमधल्या दम्याचा आणि ॲलर्जीचा जगभर अभ्यास झाला, त्याचं नाव आयझॅक. त्यात आपल्याकडून पुणे, अकोला अशी केंद्रंही होती. संशोधकांना कळलं की एकच प्रश्न वेगवेगळ्या भाषांत नेला की त्याचा अर्थच बदलतो. म्हणून १३-१४ वर्षांच्या मुलांना त्यांनी चक्क व्हिडिओ दाखवला: असा श्वास तुझा कधी होतो का? सांगा किंवा न सांगा, बघून ओळखा.

आणखी एक उदाहरण अमेरिकेतलं, २००० सालचं. दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिका औषधाने मुद्दाम, सारख्याच प्रमाणात आकुंचित केल्या. आफ्रिकन-अमेरिकन रुग्णांनी जास्त करून घशाची तक्रार केली, घसा आवळतोय, खाजतोय. गोऱ्या रुग्णांनी छातीची आणि खोल श्वासाची भाषा वापरली. त्रास तोच, वर्णन वेगळं. म्हणजे डॉक्टरच्या डोक्यात एकाच प्रकारचं वर्णन बसलेलं असेल, तर दुसऱ्या प्रकारे बोलणारा पेशंट हातातून निसटतो.

आपल्याकडे याच्या पुढचा एक प्रकार आहे. ‘दमा’ हा शब्दच इतका जड आहे की तो टाळण्यासाठी ‘ॲलर्जिक ब्रॉन्कायटिस’, ‘कफप्रवृत्ती’, ‘बाळदमा, मोठेपणी जाईल’ अशी नावं वापरली जातात. घरच्यांना बरं वाटतं. पण नाव सौम्य केलं की औषधही सौम्य वाटायला लागतं, आणि दोन महिन्यांत बंद होतं.

म्हणून एक साधी गोष्ट करा. पुढच्या वेळी आवाज आला की फोनवर ३० सेकंद रेकॉर्ड करा आणि डॉक्टरांना ऐकवा. शब्द शोधत बसू नका.

क्लिनिकमध्ये सापडत नाही तो बग

आमच्या कामात सगळ्यात त्रासदायक बग कोणता? जो रात्री तीनला येतो आणि सकाळी टीमला दाखवायला गेलं की गायब. दमा अगदी तसाच. त्याचा स्वभावच चढउताराचा आहे. रात्री, पहाटे जास्त, आणि दुपारी क्लिनिकमध्ये छाती स्वच्छ. एक्स-रेही बहुतेक वेळा नॉर्मल येतो. म्हणून ‘एक्स-रे क्लिअर आहे, म्हणजे काही नाही’ हे खरं नाही.

मुख्य तपासणी स्पायरोमेट्री. जोरात फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली ते यंत्र मोजतं. मग साल्बुटामॉलचे पफ देऊन १०-१५ मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. मोठ्या माणसांत पहिल्या सेकंदाचा आकडा १२ टक्के आणि २०० मिलिलीटरपेक्षा जास्त सुधारला, तर दम्याच्या बाजूने चांगला पुरावा, हा सर्रास वापरला जाणारा निकष.

इथे मला एक गोष्ट फार रंजक वाटली. तुमचा आकडा नॉर्मल आहे का, हे यंत्र ठरवतं वय, उंची, लिंग यांवरून, आणि बऱ्याच यंत्रांत वंश निवडायचा एक ड्रॉपडाउनही असतो. २०१२ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय समीकरणांत भारतीय उपखंडाचा स्वतंत्र गटच नव्हता. मग निवडायचं काय? ‘इतर’? चुकीचा पर्याय निवडला की तोच माणूस एका पर्यायात निरोगी आणि दुसऱ्यात आजारी दिसू शकतो. २०२२ मध्ये वंशाचा रकानाच नसलेली समीकरणं आली आणि पुढच्या वर्षी अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने तीच वापरायची शिफारस केली. दिलासा एवढाच की दम्यासाठी जे जास्त महत्त्वाचं आहे, म्हणजे दोन आकड्यांचं गुणोत्तर आणि औषधानंतरची सुधारणा, त्यावर या ड्रॉपडाउनचा परिणाम कमी होतो. तिथे तुमची तुलना मुख्यतः तुमच्याशीच असते.

स्पायरोमेट्री जवळपास नसेल तर पीक फ्लो मीटर. प्लास्टिकची नळी, वर काटा. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडा लिहायचा. समजा सकाळी ३२०, संध्याकाळी ४००. फरक ८०, सरासरी ३६०, म्हणजे चढउतार साधारण २२ टक्के. रोजच्या अशा चढउताराची दोन आठवड्यांची सरासरी मोठ्या माणसांत १० टक्क्यांच्या वर गेली तर डॉक्टर दम्याचा विचार गंभीरपणे करतात. हाच तुमचा लॉग. लॉगशिवाय रात्री तीनचा बग सापडत नाही.

आणि हो, प्रत्येक धाप दमा नसते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आपल्या देशात आधी क्षयाची तपासणी. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात बसलेल्या आजीची धाप सीओपीडीची असू शकते, तिने आयुष्यात विडी ओढलेली नसली तरी.

ॲलर्जी कशाची? उत्तर घरातच

स्किन प्रिक टेस्टमध्ये हातावर थेंब ठेवून हलकं टोचतात आणि १५-२० मिनिटांनी गांधी किती मोठी उठली ते बघतात. निदान ३ मिलिमीटर हवी. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, म्हणून उंचवटा मोजणं महत्त्वाचं. सर्दीची सेटिरिझिनसारखी गोळी चालू असेल तर आधी सांगा, ती काही दिवस थांबवावी लागते, नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. रक्तातली एकूण आयजीई जास्त आली म्हणून मात्र लगेच घाबरू नका. पोटात जंत असले तरी ती वाढते. आणि टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आलेली प्रत्येक गोष्ट तुम्हाला त्रास देतेच असं नाही. टेस्टचा निकाल आणि तुमची हकिगत जुळली पाहिजे.

हकिगत जुळवायची तर डॉक्टरांना आपलं घर कळायला हवं. परदेशी माहितीपत्रकात कार्पेट आणि मांजर असतं. आपल्याकडे यादी वेगळी आहे.

गादी, उशी, गोधडी: धुळीतला माइट हा किडा मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढा असतो, चावत नाही, आपल्या त्वचेच्या गळलेल्या कोंड्यावर जगतो आणि दमट हवेतून पाणी घेतो. कोकण, मुंबई आणि पावसाळ्यातलं पुणं म्हणजे त्याचं माहेर. गोधडी उन्हात टाकायची आजीची पद्धत चांगली आहे, उन्हात किडे कमी होतात. पण त्यांची विष्ठा झटकून जात नाही, धुवावी लागते. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा ५५-६० अंशाच्या, म्हणजे हाताला सोसणार नाही अशा गरम पाण्यात.

नवरात्राआधीची साफसफाई: माळे उतरवणं, जळमटं काढणं, जुने पेपर. हे काम दमा असलेल्याने करू नये. ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. घरातल्या मुलीला दमा आहे आणि साफसफाई तिच्याकडेच, असं असेल तर वाटणी बदला.

धूर: उदबत्ती, धूप, होम, डासांची कॉइल. मलेशियातल्या आणि चिनी कॉइल्सवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका कॉइलमधून निघणारे पीएम २.५ कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले. मच्छरदाणीला धूर नसतो. देवापुढे उदबत्तीऐवजी निरांजन आणि फुलं चालतात का, हे घरात विचारून बघा. “पूजा बंद करा” असं कुणी सांगितलं तर कुणीच ऐकणार नाही. “धूर कमी करू” म्हटलं तर ऐकतात.

मसाल्याचे दिवस: एप्रिल-मे मध्ये मिरची भाजणं, कांडप गिरणी. हा खाट ॲलर्जी नसतानाही सुजलेल्या नळ्यांना चिथावतो.

घराबाहेर गाजर गवत: १९५० च्या दशकात पुण्यात नजरेस आलं आणि देशभर पसरलं. कातडीवर चट्टे, शिंका, काहींना दमाही. उपटायला हातमोजे न घालता जाऊ नका.

आणि केळं, दही, भात, आंबट? घरोघरी दम्याच्या पेशंटचं ताट पहिलं रिकामं होतं. मोठ्यांच्या ॲलर्जिक दम्यात कारण बहुतेक वेळा श्वासातून जाणारं असतं, पोटातून नाही. काहींना खाण्याचा त्रास होतो, पण तो नोंदीतून दिसला पाहिजे. वाढत्या वयाच्या मुलाचं दूध, दही, फळं सगळं अंदाजाने बंद करू नका.

‘पंपाची सवय लागते’

आता मुख्य गैरसमज. पंप म्हणजे शेवटची पायरी, गोळी साधी. आकडेच बघू. साल्बुटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. पंपाचा एक पफ १०० मायक्रोग्रॅम, दोन पफ २००. तेच औषध, पण गोळीत वीसपट, आणि ते रक्तातून सगळ्या अंगभर फिरून मग छातीत पोचतं. हात थरथरतात, धडधड होते. पंप थेट पत्त्यावर जातो.

पंप दोन कामांचे असतात. एक आवळलेले स्नायू लगेच सैल करणारा. दुसरा आतली सूज कमी ठेवणारा, ज्यात थोड्या मात्रेचं स्टेरॉइड असतं. सुरुवातीला म्हटलं ना, त्रास नसतानाही सूज असते? म्हणून दुसरा पंप ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद करायचा नसतो. ही सवय नाही. चष्म्याची सवय लागते असं आपण म्हणतो का? ‘जीना’ ही दम्यावर मार्गदर्शन करणारी जागतिक संस्था १९९३ पासून काम करतेय. २०१९ पासून ती सांगते की मोठ्यांना आणि किशोरवयीनांना फक्त झटपट आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये, सोबत सूज कमी करणारं औषध हवंच. स्वस्त, निळा, लगेच आराम देणारा पंप एकट्याने वापरत राहणं हे आपल्याकडे सर्रास चालतं, आणि ते धोक्याचं आहे. २०१९ च्या जागतिक आजारभाराच्या अंदाजात जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात होते, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त इथे. या दोन आकड्यांमधली दरी बरीचशी टाळता येण्यासारखी आहे.

पंप घ्यायची पद्धत डॉक्टरांसमोर करून दाखवा. स्पेसर महाग वाटला तर ५०० मिलिलीटरच्या प्लास्टिक बाटलीला भोक पाडून केलेला स्पेसर मुलांमध्ये चांगला चालतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ मध्येच दाखवलंय. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका. कॅप्सूलवालं यंत्र असेल तर कॅप्सूल गिळायची नाही. ती जिलेटिनची असू शकते, घरात ते चालत नसेल तर लाजू नका, बिनकॅप्सूलचा पर्याय मागा.

श्रद्धा, उपास आणि खोली नंबर ३

कोजागिरीला अनेक ठिकाणी खिरीतून दम्याचं औषध देतात. हैदराबादला मृग नक्षत्राच्या सुमारास जिवंत माशातून औषध गिळायला लोक जातात, आपल्याकडूनही जातात. यांनी दमा बरा होतो याला शास्त्रीय पुरावा नाही. पण जाणाऱ्याला हसून काय मिळतं? तो पुढच्या वेळी डॉक्टरला सांगत नाही, एवढंच. डॉक्टरने म्हणावं, “जा, पण पंप खिशात ठेवून जा, आणि बंद करू नका.” तुम्हीही घरच्यांना हेच सांगा. काढे, पुड्या, चूर्ण जे काही चालू असेल ते डॉक्टरांना दाखवा. दम्याच्या काही बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. एकदम आराम पडतो तो त्याचाच.

रमजानमध्ये इन्हेलरने रोजा तुटतो का, यावर धर्मपंडितांत मतभेद आहेत. पण दिवसातून दोनदाचं औषध सहरी आणि इफ्तारला बसवता येतं, आणि आजाऱ्याला सवलत धर्मातच आहे. दम लागला तर वाट बघायची नाही. हे महिना सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांशी ठरवा.

आता सगळ्यात अवघड जागा: लग्न. माझ्या मामेबहिणीचं ठरलं तेव्हा मामीने तिला सांगितलं, पंप पाहुण्यांसमोर काढू नकोस. लग्नानंतर नवीन घरात तो दाखवायचा कसा, म्हणून तिने सूज कमी करणारा पंपच सोडला. तीन आठवड्यांनी सत्यनारायणाच्या पूजेला होमाचा धूर झाला आणि रात्री तिला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं, खोली नंबर ३ मध्ये. सासूबाई रात्रभर बाहेर बाकावर बसून होत्या. सकाळी त्या मामीला एवढंच म्हणाल्या, “अहो, आधी सांगितलं असतं तर होम अंगणात केला असता.” मामीला काही बोलता आलं नाही. तिने मुलीच्या भल्यासाठीच लपवलं होतं.

सगळीच घरं अशी समजूतदार नसतात, मला माहीत आहे. पण न सांगितलेला दमा लग्नानंतर जात नाही. मुलगा असेल तर ‘ॲलर्जी आहे थोडी’ आणि मुलगी असेल तर ‘दोष आहे’, ही भाषा आपल्या पिढीने तरी बंद करावी. स्थळ बघायला जाल तेव्हा समोरची मुलगी पंप काढू शकेल असं वागा.

कधी पळायचं?

एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, पंप घेऊनही आराम नाही किंवा आराम फार थोडा वेळ टिकतो, मूल सुस्त पडतंय, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, ओठ-जीभ निळसर दिसतायत. सावळ्या माणसाच्या गालावर रंग बघू नका, ओठांच्या आत, जिभेवर आणि नखांवर बघा. सरळ बसवा, आडवं करू नका, डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे पंप द्या आणि १०८ ला फोन करा. काढा, वाफ, अंगारा, सगळं नंतर.

आणि पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे जाताना फोनमध्ये पाच गोष्टी असू द्या: आवाजाचं रेकॉर्डिंग, दोन आठवड्यांचे पीक फ्लोचे आकडे, झोपायच्या खोलीचा फोटो, चालू असलेल्या सगळ्या औषधांचे आणि पुड्यांचे फोटो, आणि एक वाक्य: “मला घरी हे सांगायला अडचण येते, कारण…” ते वाक्य तुम्ही पूर्ण करा. डॉक्टरांनी स्वतः विचारायला हवं, पण ओपीडीत बाहेर चाळीस जण थांबलेले असतात. तुम्हीच सुरुवात करा.

तुमच्या घरी दम्याला कोणता शब्द वापरतात, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. आवाजांच्या मराठी शब्दांची यादी करतोय, ती माझ्या डॉक्टरांनाही देणार आहे. भेटू पुढच्या आठवड्यात.